प्रश्न तुमचे : जंतू आतडं कुरतडतात का?

मागच्या अंकात पावसाळ्यातल्या पाण्याबद्दल चार ओळी काय लिहिल्या, टपालात नुसत्या पोटाच्याच तक्रारी येऊन पडल्या. पत्रं वाचताना एक गंमत लक्षात आली. बहुतेकांनी ‘जंतू आतडं खातात’, ‘आतडं सडवतात’, ‘कुरतडतात’ असं लिहिलंय. सोलापुरातल्या एका प्रयोगशाळेत एकतीस वर्षं मी लोकांच्या शौचाचे नमुने तपासले. (घरी जेवताना माझ्या कामाविषयी बोलायला सक्त मनाई होती.) त्या वर्षांच्या जोरावर सांगते, नुसता कुरतडत बसणारा जंतू मला फारसा भेटला नाही. ही मंडळी बेरकी असतात. पेशीच्या घरात शिरतात, तिचीच भांडी वापरतात आणि तिच्याच हातून तिचं नुकसान करवून घेतात. प्रत्येकाची तऱ्हा निराळी, म्हणून उपायही निराळा. यावेळी सातच प्रश्न घेते, पण नीट घेते.

माझी आजी सांगायची, की तिच्या माहेरी एका आठवड्यात घरातली चार माणसं पटकीनं (कॉलऱ्यानं) गेली. पटकीत आतड्याचं साल गळून पडतं, तांदळाच्या धुवणासारखं जे जातं ते तेच, असं ती म्हणे. हे खरं का?
— एक वाचक, बार्शी

आजीला चूक म्हणायला माझी जीभ वळत नाही, कारण एकोणिसाव्या शतकात युरोपातले नामांकित डॉक्टरही हेच धरून चालले होते. ते बघत होते मेलेल्या माणसाचं आतडं. आणि माणूस गेल्यावर काही तासांतच आतड्याचं अस्तर आपसूक सुटायला लागतं, मग तो पटकीनं गेलेला असो वा आणखी कशानं. १९६० च्या सुमारास बँकॉकमध्ये जिवंत रुग्णांच्या आतड्यातून बारीक तुकडे काढून पाहिले, तेव्हा अस्तर जागच्या जागी होतं. पेशी धडधाकट. साल वगैरे काही गळालेलं नव्हतं.

मग तासाला लिटर-लिटर पाणी येतं कुठून?

रॉबर्ट कॉख १८८४ साली कलकत्त्यात पटकीचा जंतू घेऊन बसला होता, तेव्हाच त्यानं म्हटलं होतं की हा काहीतरी विष सोडत असणार. ते विष हाती लागायला मात्र पंचाहत्तर वर्षं गेली. लोक जंतूंचा अर्क सशाच्या रक्तात टोचत होते आणि पटकी होत नाही म्हणून कपाळाला हात लावत होते. शंभुनाथ डे नावाच्या कलकत्त्याच्याच डॉक्टरांनी विचार केला, की रोग आतड्याच्या आत होतो तर विषही आतच घालून बघावं. त्यांनी सशाला भूल दिली, लहान आतड्याचा एक भाग दोन्ही टोकांना दोऱ्यानं बांधला, त्या बंद पिशवीत जंतू टोचले आणि पोट शिवून टाकलं. दुसऱ्या दिवशी पाहतात तर बांधलेला भाग पाणी भरलेल्या फुग्यासारखा टम्म! शेजारी तसाच बांधलेला, पण जंतू न घातलेला भाग रिकामा, चपटा. हे १९५३ चं. पुढे १९५९ साली त्यांनी जंतू गाळून काढले, नुसतं गाळलेलं पाणी आत घातलं, तरी फुगा भरला. म्हणजे जंतू हजर असायचीही गरज नाही, त्यानं सोडलेलं विष पुरतं. दोरा, सुई, ससा आणि गाळणी, एवढ्यावर झालेलं हे काम आहे. आणि या माणसाला हयातीत देशात कुठला मोठा सन्मान मिळाला नाही, याची मला अजून चीड येते. असो.

आता ते विष करतं काय ते बघा. त्याचे सहा भाग. पाच भाग मिळून एक कडं होतं, ते पेशीच्या बाहेरच्या अंगाला असलेल्या एका साखर लावलेल्या चरबीला पकडतं. तिचं नाव जीएम-१. नाव ध्यानात ठेवा, पुण्याच्या पत्रात पुन्हा येणार आहे. सहावा भाग आत शिरतो. पेशीत एक प्रथिन असतं, दिव्याच्या बटणासारखं चालू-बंद होणारं. विष त्याला एक रासायनिक तुकडा चिकटवतं, आणि बटण चालूवरच अडकतं. मग पेशी क्षार बाहेर सोडायचं दार उघडते आणि ते मिटायचं विसरते. क्षारामागे पाणी. कुणी नळ सोडावा आणि चावी खिशात घालून गावाला निघून जावं, तसं. नळ फुटलेला नाही, भिंत पडलेली नाही, टाकी मात्र रिकामी होतेय. आजीच्या माहेरची माणसं आतडं सडून गेली नाहीत, अंगातलं पाणी संपून गेली.

पेशी जिवंत असते, यातच सगळी आशा आहे. कारण तिचं आत घ्यायचं दुसरं दार विषानं बिघडलेलं नसतं. हे दार मजेशीर आहे. मीठ एकटं आलं तर इथे त्याला कुणी विचारत नाही. साखरेचा हात धरून आलं की दोघांना आत घेतात आणि पाणी मागोमाग येतं. आपली जलसंजीवनी याच दारानं आत जाते. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावणीत, बनगाव इथे, सलाईनच्या बाटल्या संपल्या तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर, मीठ आणि सोड्याच्या पुड्या करून पाणी पाजायला सुरुवात केली. पाजणारे नातेवाईकच. पूर्वी शंभरातले तीसेक दगावत होते, ते प्रमाण चाराच्याही खाली आलं.

घरी करायचं तर एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा. ‘साखर जरा जास्त घातली तर ताकद येईल’ असं म्हणणारा एकजण प्रत्येक घरात असतो, त्याला स्वयंपाकघरात येऊ देऊ नका. जास्तीची साखर उलट आतड्यात पाणी ओढते आणि जुलाब वाढतात. आणि हे पाणी डोळ्यांतल्या पाण्याहून खारट लागता कामा नये.

आतड्याचं अस्तर तसंही तीन ते पाच दिवसांत नवं होतं. जुन्या पेशी आपल्या अडकलेल्या बटणासकट झडून जातात. तेवढे दिवस माणसात पाणी टिकवून धरायचं, बस. तुमच्या आजीच्या गावानं त्या साली मरीआईचा गाडा शिवेपार ढकलला असेल. पुढच्या गावानं तो आणखी पुढे ढकलला असेल. आणि सगळ्या गावांच्या विहिरी, नदी तीच.

जाता जाता एक सांगते. पटकीचा संशय असला की आम्ही काचेवर एक थेंब उलटा टांगून सूक्ष्मदर्शकाखाली धरायचो. आषाढीनंतरच्या आठवड्यात तर प्लेटा, म्हणजे जंतू उगवायच्या बशा, आधीच तयार करून ठेवलेल्या असत. एकदा एका म्हाताऱ्या वारकऱ्याचा थेंब लावला आणि दिव्याभोवती चिलटं घोंगावावीत तसे ते स्वल्पविरामाच्या आकाराचे जंतू सर्र सर्र जाताना दिसले. मी खुर्चीवरून उठले आणि वॉर्डात फोन केला, प्लेट उगवायची वाटसुद्धा बघितली नाही. आजोबा चौथ्या दिवशी चालत घरी गेले.

माझ्या सहा वर्षांच्या मुलाला दोन दिवस रक्ती आव पडत होती. दिवसातून पंधरा-सोळा वेळा जायचा, पण दर वेळी चमचाभरच. सासूबाई म्हणाल्या, जुलाब थांबायची गोळी आण. डॉक्टरांनी ती मुळीच देऊ नका म्हटलं आणि तपासणीला पाठवलं. मुलगा बरा झाला, घरातला वाद मात्र चालू आहे. कोण बरोबर?
— एक आई, कल्याण

डॉक्टर. सासूबाईंना हे पान सहज टेबलावर राहिलंय असं दाखवून वाचायला ठेवा.

पटकीत नळ उघडा राहतो, इथे चोर भिंत फोडून आत येतो. तुमच्या मुलाच्या रिपोर्टात ‘शिगेला’ हे नाव असणार, पत्राच्या इथे न छापलेल्या भागात तुम्ही ‘शिगेला पोहोचला’ असं काहीसं लिहिलंय त्यावरून ताडते. जपानी डॉक्टर कियोशी शिगा यांनी १८९७ च्या साथीत हा जंतू शोधला, त्यांच्यावरून हे नाव. याचं पहिलं वैशिष्ट्य म्हणजे संख्या. पटकीला लाखो जंतू पोटात जावे लागतात, याला दहा ते शंभर पुरतात. नखाखाली मावतील एवढे. म्हणून बालवाडीत एकाला झालं की बाकावरच्या सगळ्यांना होतं.

मोठ्या आतड्याच्या अस्तरात मधूनमधून पहारेकऱ्यासारख्या काही पेशी असतात. आतड्यातून काय चाललंय त्याचा नमुना उचलून त्या खाली बसलेल्या भक्षक पेशींकडे देतात. शिगेला याच पहारेकऱ्याच्या खांद्यावर बसून आत जातो. खालची भक्षक पेशी त्याला गिळते, आणि फुटून मरते. मरताना ती धोक्याची घंटा वाजवते. आता हा जंतू अस्तराच्या पाठीमागे पोहोचलेला असतो. पुढच्या दारानं आत शिरायला त्याला जमत नव्हतं, परसदार उघडंच मिळतं. त्याच्या अंगावर सुईसारख्या पोकळ नळ्या असतात. त्या पेशीला लावून तो आपली प्रथिनं आत सोडतो, आणि पेशी आपलं आवरण लाटेसारखं वर उचलून त्याला स्वतःच कवेत घेते.

यापुढचं मी पहिल्यांदा एका फिल्ममध्ये पाहिलं तेव्हा चहाचा कप हातातच राहिला होता. पेशीच्या आत अ‍ॅक्टिन नावाच्या प्रथिनाचे धागे असतात, घराच्या वाशांसारखे, ते सतत जोडले आणि सोडले जातात. शिगेलाला स्वतः पोहता येत नाही. तर तो काय करतो, आपल्या एका टोकाला एक प्रथिन मिरवतो, आणि पेशी त्याच टोकाशी वासे जोडत सुटते. मागे वासे वाढत जातात, जंतू पुढे ढकलला जातो. मागे धुराचा पट्टा सोडणाऱ्या रॉकेटसारखा दिसतो अगदी. असा धडकत तो पेशीची भिंत शेजारच्या पेशीत बोटासारखी खुपसतो आणि तिथे उतरतो. घरातून घरात, अंगणात पाऊलही न टाकता. बाहेर रक्तातल्या प्रतिपिंडांना पत्ताच लागत नाही.

घंटा ऐकून पांढऱ्या पेशी धावत येतात, आणि खरी मोडतोड बरीचशी त्याच करतात. अस्तराच्या पेशी एकमेकींना घट्ट शिवलेल्या असतात, ती शिवण उसवत या वर येतात. फटींतून आणखी जंतू आत. व्रण पडतात, रक्त येतं. सूक्ष्मदर्शकाखाली तुमच्या मुलाची आव बघितली असती तर पांढऱ्या पेशींचा नुसता खच दिसला असता, अधूनमधून तांबड्या पेशी पेरलेल्या. पटकीच्या पाण्यात असलं काही दिसत नाही. आणि बिघाड मोठ्या आतड्याच्या शेवटाकडे, म्हणून मुरडा, कुंथणं, आणि दर वेळी चमचाभरच.

आता गोळी. ती आतड्याची हालचाल मंद करते. चोर घरात असताना बाहेरून कडी लावल्यासारखं आहे ते. हे मी पुस्तकातून सांगत नाहीये. १९८७ साली माझ्या सख्ख्या भाच्याला असंच झालं, आणि मी ड्यूटीवर असताना घरच्यांनी एका औषधाच्या दुकानातून ‘एक दिल्यावर लगेच थांबतं बघा’ अशी गोळी आणली. थांबलं खरं. संध्याकाळी पोट नगाऱ्यासारखं फुगलं, ताप १०४. चार दिवस दवाखान्यात काढले. त्या दुकानदारावर मी जेवढी चिडले तेवढीच स्वतःवर, कारण असली गोळी आणू नका हे मी जगाला सांगत होते आणि घरात सांगितलं नव्हतं.

तपासणीला पाठवलं तेही योग्यच. शिगेलाला अँटिबायोटिक लागतं, पण कुठलं ते प्लेटवर ठरतं, कारण बऱ्याच जुन्या औषधांना तो आता दाद देत नाही. शिवाय रक्ती जुलाब करणारा ई. कोलाय नावाचा एक जंतू आहे, त्यात अँटिबायोटिकनं धोका वाढू शकतो. कारण शिगेलाच्या एका जातीकडे असलेलं विष याच्याकडेही आलंय. हे विष पेशीत शिरून प्रथिनं बनवायच्या यंत्रातून, म्हणजे रायबोझोममधून, नेमका एक खिळा उपटतं. यंत्र कायमचं बंद. एरंडीच्या बीतलं विष नेमका हाच खिळा उपटतं, एक झाडातलं आणि एक जंतूतलं, पण हातोटी तीच. हे विष ज्या चरबीला धरून पेशीत शिरतं ती माणसाच्या मूत्रपिंडातल्या बारीक रक्तवाहिन्यांवर भरपूर असते, म्हणून आतड्यात सुरू झालेलं दुखणं लहान मुलांच्या मूत्रपिंडावर जातं. गाईच्या रक्तवाहिन्यांवर ती नसते, त्यामुळे गाय हा जंतू पोटात बाळगून निवांत रवंथ करत असते.

२०११ मध्ये जर्मनीत याच विषाचा एक ई. कोलाय पसरला. सुरुवातीला स्पेनच्या काकड्यांवर आळ आला, तिथल्या शेतकऱ्यांनी माल फेकून दिला. शेवटी सापडले मेथीचे मोड! इजिप्तहून आलेल्या बियांचे, सॅलडवर कच्चेच पसरून खाल्लेले. साडेतीन हजारांवर लोक आजारी पडले, आठशेहून जास्त जणांची मूत्रपिंडं बिघडली, पन्नासहून अधिक दगावले. आपण मोडाची मेथी खातो ती उसळ करून, फोडणीत परतून, वाफ आणून. कच्चे मोड वाटीत घेऊन ‘हेल्दी’ म्हणून खाणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं.

रक्ती जुलाबानंतर आठवड्याभरात मूल पांढरंफटक दिसायला लागलं, लघवी कमी झाली, तर वाद बाजूला ठेवून तडक मोठ्या दवाखान्यात न्या.

लग्नात बासुंदी खाल्ली आणि तीन तासांत अख्ख्या पंगतीला ओकाऱ्या. आचारी म्हणतो, मी दूध दोनदा उकळलं होतं. इतक्या लवकर जंतू वाढले कसे?
— एक वरपिता, अकलूज

तुमच्या पोटात वाढलेच नाहीत. बासुंदीत वाढून, विष सोडून मोकळे झाले होते. स्टॅफिलोकॉकस, बहुधा कुणाच्या तरी बोटावरच्या जखमेतला किंवा नाकातला. दूध आटवून पातेलं रात्रभर मांडवात उघडं राहिलं का, ते आठवा. पुन्हा उकळल्यावर जंतू मरतात, हे विष तग धरतं. ते आतड्यातल्या नसांमार्फत मेंदूतल्या ओकारीच्या केंद्राला इशारा देतं, म्हणून घड्याळ लावल्यासारख्या सगळ्यांना एकदम उलट्या होतात आणि दुसऱ्या दिवशी सगळे ठीक असतात. आचारी खोटं बोलत नाही. पण पुढच्या वेळी त्याच्या बोटांना पट्टी आहे का ते बघा.

मी अकरावी सायन्सला आहे. पेशीवर ‘रिसेप्टर’ असेल तरच जंतू चिकटतो असं पुस्तकात आहे. मग पेशीनं आपला रिसेप्टर बदलला तर जंतू उपाशी मरेल ना? सरांना विचारलं तर म्हणाले, परीक्षेत येत नाही.
— एक विद्यार्थी, लातूर

बाळा, प्रश्न झकास आहे आणि परीक्षेत येत नाही म्हणूनच झकास आहे.

पटकीचं विष जीएम-१ शोधतं, शिगाचं विष वेगळी चरबी शोधतं, म्हणजे तुझं पुस्तक चुकीचं नाही. पण तान्ह्या बाळांना जुलाब करणारा एक ई. कोलाय आहे, त्यानं हा नियमच मोडून टाकलाय. पेशीवर आपल्याला धरायला काही आहे का, हे तो बघतच नाही. धरायची खुंटी तो घरून घेऊन येतो.

याच्याकडेही शिगेलासारखी सुई आहे. पेशीजवळ आला की सुईतून तो ‘टिर’ नावाचं स्वतःचं प्रथिन पेशीत सोडतो. ते आत जातं, पेशीच्या आवरणातून डोकं बाहेर काढतं आणि तिथे पक्कं बसतं. मग जंतू आपल्या अंगावरच्या दुसऱ्या प्रथिनानं त्या डोक्याला धरतो. दुसऱ्याच्या भिंतीत आपणच खुंटी ठोकायची आणि तिलाच लटकायचं! कॅनडातल्या व्हँकुव्हरच्या शास्त्रज्ञांनी १९९७ मध्ये हे दाखवलं. त्याआधी बरेच दिवस ते टिर पेशीचंच प्रथिन समजत होते, इतकं बेमालूम.

पुढची गंमत अशी की टिरचं आतलं टोक पेशीला अ‍ॅक्टिनचे वासे इथे रचा म्हणून सांगतं. पेशी मुकाट्यानं जंतूखाली चौरंग बांधते. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली एकेक जंतू एकेका चौरंगावर बसलेला दिसतो, गणपती बसवावा तसा. या भानगडीत पेशीवरचं मखमलीसारखं लव असतं ना, अन्न शोषून घेणारं, ते त्या जागी साफ निघून जातं. मग दूध शोषलं जात नाही, बाळ वाळत जातं.

तेव्हा पेशीनं रिसेप्टर बदलला तर काय, याचं उत्तर हे. तू विचारलेला प्रश्न या जंतूंनीही ‘विचारून’ झालाय, फरक एवढाच की त्यांच्याकडे त्यासाठी लाखो वर्षं होती. सरांवर रागावू नकोस, त्यांना पोर्शन संपवायचा असतो.

जानेवारी २०२५ मध्ये आमच्या भागात जीबीएसचे (गुलेन-बॅरे सिंड्रोम, नसांचा आजार) रुग्ण निघाले. शेजारचा तरुण मुलगा, आधी फक्त पोट बिघडलं होतं, दहा-बारा दिवसांनी जिना चढता येईना. पोटातला जंतू पायापर्यंत गेला कसा? अजूनही नळाचं पाणी प्यायची भीती वाटते.
— एक वाचक, सिंहगड रस्ता, पुणे

जंतू पायापर्यंत गेलाच नाही. तो आतड्यातच होता आणि बहुधा तोवर मेलाही होता.

सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यात दोनशेच्या वर रुग्ण निघाले. त्यातल्या काहींच्या शौचात कॅम्पायलोबॅक्टर सापडला. हा जंतू आमच्या धंद्यातला लाजाळू पाहुणा. रोजच्या प्लेटवर, रोजच्या ३७ अंशाला, मोकळ्या हवेत ठेवला तर उगवतच नाही. त्याला ४२ अंश, म्हणजे कोंबडीच्या अंगाची ऊब लागते आणि प्राणवायू अगदी थोडका. त्यामुळे छोट्या प्रयोगशाळेतून ‘काही उगवलं नाही’ असा रिपोर्ट येतो आणि जंतू निसटतो. आमच्याकडूनही किती निसटले असतील, देव जाणे.

आतड्यात हा मळसूत्रासारखा पिळत श्लेष्मात, म्हणजे अस्तरावरच्या चिकट थरात, शिरतो. याच्या विषातला एक भाग पेशीच्या केंद्रकात जाऊन थेट डीएनएचा धागा तोडतो. पेशी घाबरून विभागायचं थांबवते, नुसती फुगत राहते आणि मग मरते. पण हे सगळं पोटापुरतं. आठवड्याभरात निभावतं.

पायाचं कारण वेगळं. या जंतूच्या काही जाती अंगावर जी साखर पांघरतात ती माणसाच्या नसांवरच्या जीएम-१ सारखी हुबेहूब दिसते. हो, तीच बार्शीच्या पत्रातली, जिला पटकीचं विष धरतं. शरीर जंतूविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं, ती जंतूला मारतात, आणि मग तसाच अंगरखा घातलेल्या नसांवर जाऊन बसतात. पोलिसांनी वर्णनावरून भलत्यालाच धरावं, तसं. प्रतिपिंडं तयार व्हायला वेळ लागतो, म्हणून मधे ते दहा-बारा दिवस. पायांपासून वर चढत जाणारा अशक्तपणा, आणि छातीच्या स्नायूंपर्यंत गेला तर श्वासाला यंत्र लावावं लागतं. वेळेत इम्युनोग्लोब्युलिन (दात्यांच्या रक्तातली प्रतिपिंडं) दिलं किंवा रक्तद्रव बदलला तर बहुतेक जण उभे राहतात, पण महिने लागतात. शेजारच्या मुलाला एवढं सांगा की पाय उशिरा येतात, पण येतात.

भीतीबद्दल म्हणाल तर, हा जंतू झालेल्या हजारात साधारण एकालाच जीबीएस होतो. पाणी उकळा; खदखदून उकळी आली की हा जगत नाही. चिकन धुताना नळाखाली धरू नका, त्याचे शिंतोडे शेजारच्या कोथिंबिरीवर उडतात. आणि कच्चं चिकन कापलेल्या पाटावर काकडी कापू नका. हे सांगितलं की माझ्या सुनेला राग येतो, पण पाट मी दोन वेगळे केलेत.

दही खाल्लं की चांगले जंतू वाईटांना मारतात का?
— तीन वाचकांची तीन पत्रं, प्रश्न एकच

आतड्यात आधीच राहणारे जंतू जागा अडवून बसलेले असतात, आणि त्याचा उपयोग फार मोठा आहे. अँटिबायोटिकचा कोर्स झाला की ती जागा रिकामी पडते आणि क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल नावाचा एक गृहस्थ तिथे येऊन बसतो. तो पेशीचे वासे बांधणाऱ्या मुकादमांना साखरेचा एक कण चिकटवून गप्प करतो, आणि घर आतून कोसळतं. म्हणून सर्दीला अँटिबायोटिक मागू नका. दही आवडत असेल तर जरूर खा, भातात कालवून, वर मिरचीची फोडणी देऊन. आव पडत असताना औषध म्हणून त्याच्यावर विसंबू नका.

डॉक्टरांनी शौच तपासायला सांगितलंय. कशात न्यायचं? विचारायची लाज वाटते.
— एक वाचक, मंगळवेढा

लाज माझ्यापाशी नको. माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षी लोक काडेपेटीत आणायचे. काडेपेटीचा पुठ्ठा पाणी शोषून घेतो, आवेतल्या पेशी सुकतात आणि हाती काही लागत नाही. काहीजण फिनेल टाकून धुतलेल्या डब्यात आणत, त्यात जंतू आधीच गारद. एका गृहस्थांनी पेढ्याच्या खोक्यात आणलं होतं, वर दुकानाच्या नावाची दोरी तशीच. आमच्या शिपायानं ते टेबलावर ठेवून ‘मॅडम, कुणीतरी पेढे दिलेत’ म्हणून सांगितलं. तेव्हापासून मी खोकं बघितलं की आधी विचारते.

प्रयोगशाळेतूनच रुंद तोंडाची झाकणाची डबी मागून आणा, फुकट देतात. लघवी मिसळू देऊ नका. आव किंवा रक्त असेल तर नेमका तोच भाग घ्या, सुपारीएवढा पुरे. अँटिबायोटिकची पहिली गोळी घ्यायच्या आधी घ्या आणि दोन तासांच्या आत पोहोचवा. मंगळवेढ्याहून सोलापूरला एसटीनं यायचं असेल तर डबी दोन पिशव्यांत घाला, आणि पेढ्याचं खोकं घरीच राहू द्या.